सादृश्य, नाम आणि निष्कासन : नक्कल ओळखणाऱ्या यंत्राचा एक समीक्षाविचार

१

एखादी कृती दुसऱ्या कृतीची नक्कल आहे असे म्हणणे हा मुळात समीक्षेचा निर्णय आहे. दोन संहिता समोर ठेवणे, त्यांतील साम्य हेरणे, ते साम्य योगायोगाचे, परंपरेचे, संस्काराचे की अपहरणाचे याचा विवेक करणे आणि मग त्याला नाव देणे, एवढ्या पायऱ्या या एका विधानात दडलेल्या असतात. वाङ्मयचौर्याचा आरोप नियतकालिकाच्या पानांवर करणाऱ्याला या पायऱ्या वाचकासमक्ष चढाव्या लागतात. उतारे शेजारीशेजारी छापावे लागतात, कालक्रम सिद्ध करावा लागतो आणि आरोपीच्या उत्तरालाही तितकीच जागा द्यावी लागते. इंटरनेटवरील मजकूर, ध्वनी आणि चित्र यांच्या बाबतीत हाच निर्णय आज फार मोठ्या प्रमाणावर यंत्र घेते, आणि निर्णयासरशी शिक्षाही अमलात येते. कृती दिसेनाशी होते, किंवा तिचे उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात वळते.

या व्यवहाराची चर्चा सहसा दोन टोकांनी होते. एकीकडे निर्मात्यांच्या बुडणाऱ्या उत्पन्नाची तक्रार असते, तर दुसरीकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संकोचाची. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. पण दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न वाङ्मयसिद्धान्ताचा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. यंत्राला जे कळते ते नेमके काय? सादृश्य, अपहरण, की आणखी काही? आणि लेखकाचे जे हरण होते त्याची भरपाई यंत्राने केलेल्या निष्कासनाने होते काय?

२

प्रथम यंत्राची रीत पाहणे आवश्यक आहे. नक्कल ओळखण्याचा सर्वांत कठोर मार्ग म्हणजे संपूर्ण फाइलवरून एक ठरावीक लांबीचा आकडा काढणे. याला 'हॅश' म्हणतात. दोन फाइली तंतोतंत एक असतील तर आकडे जुळतात. एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा पूर्णपणे बदलतो. हा मार्ग निर्दोष असला तरी नक्कल करणाऱ्याच्या किरकोळ चलाखीपुढेही निष्प्रभ ठरतो. म्हणून दुसरा मार्ग निघाला. त्यात संपूर्ण कृती न तोलता तिचा एक 'ठसा' घेतात. ध्वनीच्या बाबतीत कोणत्या क्षणी कोणत्या कंपनसंख्येवर जोर आहे, अशा ठळक बिंदूंचा नकाशा काढून त्या बिंदूंच्या जोड्या साठवण्याची रीत २००३ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. गोंगाटात वाजणारे गाणे ओळखून दाखवणाऱ्या 'शझाम'चा पाया हाच. मजकुराच्या बाबतीत ठरावीक लांबीचे शब्दगट वा अक्षरगट एकावर एक सरकवत पाडायचे, त्यांतील निवडक गटांचे आकडे ठेवायचे आणि किती आकडे समान निघतात ते मोजायचे, अशी पद्धत रूढ आहे.

यूट्यूबने २००७ मध्ये सुरू केलेली 'कंटेंट आयडी' ही व्यवस्था ठशांच्याच तत्त्वावर चालते. हक्कधारक आपल्या कृतीची संदर्भप्रत व्यवस्थेच्या स्वाधीन करतो, नव्याने येणारी प्रत्येक चित्रफीत त्या संदर्भसंग्रहाशी ताडली जाते आणि जुळणी झाली की हक्कधारकाच्या आधीच नोंदवलेल्या इच्छेनुसार ती अडवली जाते, तिचे उत्पन्न वळवले जाते किंवा तिच्यावर केवळ नजर ठेवली जाते. कंपनीच्याच पारदर्शकता-अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहामाहीत असे ७२ कोटींहून अधिक दावे झाले. त्यांपैकी एक टक्क्याहून कमी दाव्यांना आव्हान मिळाले, आणि आव्हान मिळालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के प्रकरणे चित्रफीत चढवणाऱ्याच्या बाजूने मिटली. या आकड्यांचे दोन अर्थ लावता येतात. आव्हाने इतकी थोडी, म्हणजे यंत्र बहुधा बरोबर आहे, हा एक; कायद्याच्या भाषेत उत्तर देण्याची ताकद वा धैर्य फार थोड्यांत असते, हा दुसरा. आव्हान देणारे बहुधा आपल्या बाजूची खात्री असलेलेच असतात, तेव्हा ६० टक्क्यांवरून उरलेल्या मौनाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मात्र प्रश्न विचारला गेला की उत्तर वारंवार बदलते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

यंत्राच्या या वाचनाला भाषेची मर्यादाही आहे, आणि मराठीच्या संदर्भात ती विशेष जाणवते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेला मराठी मजकूर संगणकाच्या लेखी रोमन चिन्हांचा अर्थहीन पुंजका असतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये उतरवला की माणसाला एकच कविता दोनदा दिसते. यंत्राला दोन असंबद्ध संहिता दिसतात. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा 'र' युनिकोडमध्येही दोन वेगळ्या चिन्हक्रमांनी साठवता येतो. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे जुन्या आवृत्तीतील ओळ आणि तिची आधुनिक प्रत यांचे शब्दगट जागोजाग तुटतात. शिवाय मराठी कविता आज पुष्कळदा फुलापानांच्या चित्रावर अक्षरे उमटवूनच फिरते. तेथे चित्रातून अक्षरे ओळखण्याचा आणखी एक टप्पा येतो. हे अडथळे तंत्राने दूर होण्यासारखे आहेत. पण ते दूर करण्याचा खर्च कोणासाठी केला जातो हा प्रश्न उरतोच. मोठ्या संगीतकंपनीचे गाणे क्षणात ओळखले जाते, तर मराठी कवीची चोरलेली कविता वर्षानुवर्षे ओळखली जात नाही.

३

सादृश्याचे प्रकार पाडण्याचा उद्योग नवा नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या उक्तींमधील साम्याला 'संवाद' म्हटले आणि त्याचे तीन प्रकार सांगितले : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि तुल्यदेही, म्हणजे दोन माणसांच्या देहांत असावे तसे. पहिल्यात स्वतःचे शरीरच नाही. दुसऱ्यात शरीर आहे पण ते निर्जीव आहे. तिसऱ्यात मात्र अवयवसाम्य असूनही आत्मा वेगळा आहे. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य, असा त्याचा निवाडा आहे. दोन माणसांना दोन डोळे व एक नाक आहे म्हणून ती एकमेकांची नक्कल ठरत नाहीत.

दहाव्या शतकाच्या प्रारंभी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हा विचार पुढे नेला. शब्दहरणाचे त्याने पदाचे, पादाचे, अर्ध्या श्लोकाचे, पूर्ण वृत्ताचे आणि अखेर संपूर्ण प्रबंधाचे, असे पाच प्रकार केले. आजच्या यंत्राने किती शब्दांचा गट समान निघाल्यास नक्कल मानावी याची मर्यादा ठरवावी, तसाच हा हिशेब आहे. परंतु राजशेखर हिशेबापाशी थांबत नाही. चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला वाणी नाही, असे तो म्हणतो खरा. पण इतर चोरी काळाच्या ओघात विरते, वाणीची चोरी मात्र मुलानातवंडांपर्यंत पुसली जात नाही, असा जनापवादही तो नोंदवतो. पुढे अवंतिसुंदरीच्या तोंडून तो अपहरण करणाऱ्यांची कारणे मांडतो : तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध, त्याची प्रतिष्ठा नाही, माझी आहे, त्याची कृती प्रचारात नाही, माझी आहे. या वाक्यांतील व्यंग्य आजही तितकेच लागू पडते. लाखो अनुयायी असलेली पाने अनोळखी कवीची ओळ उचलतात तेव्हा याहून वेगळे समर्थन त्यांच्यापाशी नसते.

आनंदवर्धनाच्या परिभाषेत सांगायचे तर नक्कल ओळखणारे यंत्र प्रतिबिंबाचे तज्ज्ञ आहे. आलेख्यसदृश कृती ते काही अंशी ओळखते. तुल्यदेही कृतीपाशी मात्र ते गोंधळते. कारण देह मोजता येतो, आत्म्याचा भेद मोजता येत नाही. समीक्षकाने परीक्षणासाठी घेतलेला उतारा, विडंबनकाराने मुद्दाम राखलेली मूळ चाल, अध्यापकाने विवेचनासाठी वाजवलेली चीज या सर्वांत मूळ कृतीचा अंश प्रतिबिंबासारखा तंतोतंत असतो आणि असावाच लागतो. चुकीचे अवतरण देणारा समीक्षक अधिक दोषी. म्हणजे अवतरण जितके प्रामाणिक तितके ते यंत्राच्या नजरेत संशयास्पद ठरते. बोर्हेसच्या १९३९ मधील कथेतला पिएर मेनार 'दोन किहोते'ची काही प्रकरणे अक्षरशः जशीच्या तशी, पण नव्याने लिहितो, आणि कथेचा निवेदक दोन संहितांच्या अर्थांतील अंतर गंभीरपणे उलगडतो. संहितेची एकता म्हणजे कृतीची एकता नव्हे, हा त्या विनोदामागील सिद्धान्त यंत्राला कळूच शकत नाही.

उलट दिशेचा प्रमादही उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियातील एका संगीतकाराने २०१५ मध्ये दहा तासांच्या निव्वळ खरखरीची, ज्याला ध्वनिशास्त्रात श्वेतरव म्हणतात त्याची, फीत तयार करून यूट्यूबवर ठेवली. २०१८ च्या जानेवारीत तिच्यावर पाच दावे लागले असल्याचे उघड झाले. जेथे रचनाच नाही तेथे यंत्राला पाच स्वामी सापडले. अशी प्रकरणे हसून सोडून देण्याजोगी नाहीत. यंत्राच्या लेखी 'समान' आणि 'अपहृत' या दोन शब्दांत अंतरच नाही, याचा तो पुरावा आहे.

४

कायद्याने हे अंतर राखलेले आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाटक आणि चित्रपट यांतील साम्याचा विचार करताना कल्पनेवर स्वामित्व नसते, अभिव्यक्तीवर असते, हे तत्त्व स्पष्ट केले आणि नकलेची एक कसोटी सांगितली. दोन्ही कृती वाचल्या-पाहिल्यानंतर वाचकाचा वा प्रेक्षकाचा, दुसरी कृती पहिलीची नक्कल आहे, असा निःसंदिग्ध ग्रह होतो काय, ही ती कसोटी होय. येथे निर्णयाचे आसन वाचकाला दिलेले आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृत साहित्यशास्त्रातला सहृदय आणि न्यायालयाने कल्पिलेला हा प्रेक्षक एकच नव्हेत, पण दोघांनाही कृती समग्र अनुभवावी लागते.

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा व परीक्षण यांसाठी केलेल्या न्याय्य वापराला संरक्षण देते. २०१२ च्या दुरुस्तीने इंटरनेटवरील मध्यस्थांच्या बाबतीत तक्रार आल्यावर एकवीस दिवस, अथवा न्यायालयाचा आदेश येईपर्यंत, मजकूर रोखण्याची तरतूद केली. त्याआधी १९९८ मध्ये अमेरिकेतील कायद्याने 'सूचना मिळताच हटवा, म्हणजे मध्यस्थ जबाबदारीतून मुक्त' हा नमुना घालून दिला होता. या नमुन्यात मध्यस्थाला न्याय करण्याचे कारण नाही. हटवणे त्याच्या दृष्टीने नेहमीच सुरक्षित. लेन्झ विरुद्ध युनिव्हर्सल हा खटला त्याचे उदाहरण होय. स्वयंपाकघरात नाचणाऱ्या तान्ह्या मुलाच्या एकोणतीस सेकंदांच्या फितीत मागे प्रिन्सचे गाणे पुसट ऐकू येत होते, म्हणून २००७ मध्ये ती हटवण्यात आली. सूचना पाठवण्यापूर्वी हा न्याय्य वापर आहे काय याचा हक्कधारकाने विचार करणे बंधनकारक आहे, असे अपील न्यायालयाने सांगितले तेव्हा २०१५ साल उजाडले होते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशातील सतराव्या कलमात मंचांवर अधिक जबाबदारी टाकली, पण अवतरण, समीक्षा, विडंबन यांची मुभा राखली. आणि वैध व अवैध मजकुरात पुरेसा भेद करू न शकणारी गाळणी या हक्कांशी विसंगत ठरेल, असे संघाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये पोलंडच्या आव्हानाचा निकाल देताना स्पष्ट केले.

तात्पर्य, कायद्याने वाचकाला आसनावर बसवले आणि व्यवहाराने त्याला उठवले. पूर्वी आरोप आधी, वाचन मग, निर्णय शेवटी असा क्रम होता. आता निर्णय आधी होतो, आणि वाचन झालेच तर आरोपीने मागितल्यावर होते. फूकोने १९६९ च्या आपल्या व्याख्यानात लेखक ही व्यक्ती नसून संहितांच्या व्यवहारातील एक कार्य आहे असे म्हटले होते, आणि संहितांना लेखक लाभले ते त्यांना शिक्षा करता येऊ लागली तेव्हा, असेही सुचवले होते. आजच्या व्यवस्थेत ते कार्य आणखी सरकले आहे. संदर्भसंग्रहात ज्याची प्रत आधी नोंदली गेली तो 'दावेदार' आता लेखकाच्या जागी उभा आहे. दावेदार लेखक असेलच असे नाही, आणि पुष्कळ लेखक दावेदार होऊच शकत नाहीत. कारण संदर्भसंग्रहाचे दार मोठा साठा बाळगणाऱ्यांनाच उघडते, इतरांच्या वाट्याला तक्रारीचा अर्ज येतो.

५

मराठी परंपरेत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती नाममुद्रेची. संतकवीने अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव गुंफले ते उत्पन्नासाठी नव्हे. वाणी कोणाच्या अनुभवाची आहे, तिची जबाबदारी कोणाची आहे, हे ती मुद्रा सांगते. सालोमालो नावाचा समकालीन तुकारामांच्या अभंगांत स्वतःचे नाव घालून ते म्हणत असे, अशी परंपरा आहे, आणि त्याच्याविषयीचे तुकारामांचे अभंग गाथेत आहेत. तेथील तक्रार अभंग गाइला जातो ही नाही. तो गाइला जावा हीच तर इच्छा. तक्रार आहे ती नाव बदलल्याची.

आज भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या कवितांचे दुःख नेमके हेच आहे. कविता फिरते, पण कवीचे नाव गळून पडते; किंवा एखाद्या दिवंगत लोकप्रिय लेखकाचे नाव तिला चिकटवले जाते. म्हणजे एकाच वेळी एकाच्या कृतीचे हरण होते आणि दुसऱ्यावर न लिहिलेल्या कृतीचा आरोप होतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीच्या विकृतीला हरकत घेण्याचा विशेष हक्क दिला आहे, आणि स्वामित्व विकून टाकले तरी तो त्याच्यापाशी राहतो. परंतु स्वयंचलित व्यवस्थेच्या उपायांच्या यादीत अडवणे आहे, उत्पन्न वळवणे आहे, नजर ठेवणे आहे. नाव परत लावणे नाही. ज्या कवीला आपली कविता लोकांनी वाचावी आणि आपल्या नावाने वाचावी एवढेच हवे आहे, त्याच्यापुढे व्यवस्था दोनच पर्याय ठेवते : कविता वाचकांपासून काढून घे, किंवा गप्प राहा.

निष्कासनाचाही एक उदात्त नमुना या परंपरेत आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी 'ज्ञानेश्वरी'चे शुद्धीकरण केले. लोकांच्या पाठांतराने व हस्तलेखनाने शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. अनधिकृत भर ओळखून काढून टाकण्याचेच हे कार्य होते. मात्र तीन गोष्टींनी ते वेगळे ठरते. ते करणाऱ्याने ग्रंथ समग्र वाचला होता. केल्याची नोंद त्याने स्वतःच्या नावानिशी ठेवली. आणि त्याच्या निर्णयाबाहेरच्या प्रती जगातून नाहीशा झाल्या नाहीत. म्हणूनच वि. का. राजवाडे १९०९ मध्ये, एकनाथपूर्व असल्याचे सांगत, निराळ्या पाठाची प्रत छापू शकले आणि पाठनिर्णयाचा वाद शतकभर चालू राहू शकला. यंत्राने हटवलेल्या कृतीच्या जागी एक कोरी चौकट उरते. ती पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाला दोन कृती ताडून स्वतःचे मत बनवता येत नाही. पुराव्याचेच निष्कासन झालेले असते.

६

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. परंपरेचा आणि सहृदयाचा आधार घेऊन यंत्राला दोष देणे म्हणजे चोराला आडोसा देणे नव्हे काय? प्रतींची संख्या कोट्यवधींनी वाढत असताना प्रत्येक प्रकरणी वाचक कोठून आणायचा? ज्या प्रकाशकाचे नवे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत पानन्‌पान चित्रित होऊन फुकट फिरू लागते, त्याला आनंदवर्धनाचे तीन संवाद ऐकवणे क्रूरपणाचे होईल. हे मान्यच केले पाहिजे. संपूर्ण पुस्तकाची प्रत म्हणजे राजशेखराचे प्रबंधहरण होय. तेथे अर्थनिर्णयाचा प्रश्न नाही आणि यंत्राने ते तत्काळ रोखण्यात वाङ्मयाची हानी नाही. किंबहुना मराठीसारख्या मर्यादित बाजारपेठेच्या भाषेत अशा संरक्षणाची गरज अधिक आहे, आणि तेथेच यंत्र सर्वांत कमी राबवले जाते.

परंतु या आक्षेपाचे उत्तर त्याच्यातच आहे. प्रबंधहरण आणि पदहरण, प्रतिबिंब आणि तुल्यदेह यांचा भेद आवश्यक असेल तर सर्वांना एकच शिक्षा देणारी व्यवस्था पुरेशी नाही. जेथे कृती सबंध उचलली आहे तेथे यंत्राचा शब्द अखेरचा मानायला हरकत नाही. जेथे अंश आहे तेथे यंत्राचे काम साम्य दाखवण्यापुरते असावे, दोन्ही उतारे शेजारीशेजारी ठेवावेत, आणि निर्णयापर्यंत कृती वाचकांसमोर राहावी. जेथे केवळ नाव गळले आहे तेथे पहिला उपाय नाव लावण्याचा असावा, हटवण्याचा नव्हे. आणि जेथे काही हटवले जाते तेथे कोणी, कोणत्या संहितेच्या आधारे हटवले, ही नोंद एकनाथांच्या नोंदीप्रमाणे उरली पाहिजे.

यंत्राने समीक्षकाची जागा घेतली अशी खंत करण्यात अर्थ नाही. ती जागा फार काळ रिकामीच होती. सादृश्य म्हणजे काय, उसनवारी आणि चोरी यांची सीमा कोणती, नावावाचून कृती अपुरी होते काय, या प्रश्नांवर आधुनिक मराठी समीक्षेने सलग विचार क्वचितच केला. वाङ्मयचौर्य हा तिने बहुधा व्यक्तिगत निंदेचा विषय मानला. संज्ञा नसल्या की मोजमाप सत्ता गाजवते. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी प्रतिबिंब आणि तुल्यदेह हे दोन शब्द वेगळे ठेवले, त्यांनी तो भेद का आवश्यक मानला याची फेरमांडणी हे आजच्या सिद्धान्तचर्चेचे निकडीचे काम आहे.